बुजऱ्या घोडीसाठी घर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर हा गोदावरीच्या काठचा तालुका. त्याच्या दक्षिण सीमेवर कायगावासमोर प्रवरा नदी गोदावरीस येऊन मिळते. उत्तरेकडील भागात शिवना नदीच्या काठी लासूर हे बाजाराचे गाव आहे. गोदावरीच्या काठाला जुन्या मराठीत गंगथडी म्हणत आणि भीमेच्या काठाला भीमथडी. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या इतिहासात नावाजलेली आहेत. ती अंगाने लहान, पण मोठी काटक असत. थोड्या दाणावैरणीवर निर्वाह करून डोंगरघाट चढण्याउतरण्यात त्यांचा हात धरणारे दुसरे जनावर नव्हते.

पुढे मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले. टांगे बहुतेक गावांतून नाहीसे झाले. तरीही घोडा अगदी दिसेनासा झाला, असे नाही. वरातीत तो असतो, मेंढपाळांच्या तांड्याबरोबर तो चालतो, आणि हौसेने घोडे बाळगणारी माणसेही खेड्यापाड्यांत आढळतात. अशा एखाद्या घरी घोडा ठेवणे अशक्य होते, तेव्हा त्याला द्यावे कोणाला, हा प्रश्न उभा राहतो. घोडा शांत असेल तर प्रश्न सोपा असतो. तो बुजरा असेल तर मात्र घरातल्या जाणत्या माणसांचीही झोप उडते.

आपण एक उदाहरण कल्पनेने उभे करू. गंगापूर तालुक्यातील एका शेतवस्तीवर एक वृद्ध शेतकरी आहे व त्याच्याजवळ तांबूस रंगाची एक घोडी आहे. गेली दहा वर्षे तिच्या पाठीवरून वैरणीची ओझी आली, बाजाराच्या गोण्या गेल्या आणि म्हाताऱ्याने गावोगावचा प्रवासही केला. आता त्याचे गुडघे थकले आहेत. मुलांचा सारा वेळ शेतात व नोकरीत जातो. घोडी इतर कोणाला सहजासहजी जवळ येऊ देत नाही. ताडपत्री फडफडली की ती मागे फिरते. पाठीमागून मोटारसायकलचा आवाज आला की बाजूच्या चारीत उतरते. गावात तिला सगळे ‘बुजरी’ म्हणूनच ओळखतात. तिला विकणे भाग आहे. परंतु जी घोडी वस्तीवरच्या माणसांना आवरत नाही, ती परक्याच्या घरी कशी नांदेल, ही चिंता म्हाताऱ्याला लागून राहिली आहे.

‘बुजणे’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. घोडे प्रथम बिचकते. कान टवकारते, मान ताठ करते आणि नाकपुड्या फुलवून फुरफुरते. मग ते बुजते, म्हणजे पुढे पाऊल टाकीनासे होते किंवा एकदम अंग चोरून बाजूला सरते. एवढ्यानेही भीती गेली नाही तर ते उधळते. शेतातल्या पाखरांना भिवविण्यासाठी उभे केलेले बुजगावणे याच शब्दाच्या कुळातले. बिचकलेल्या घोड्याला सावरता येते, बुजलेल्याला धीर देता येतो. पण एकदा घोडे उधळले की स्वार, वाटसरू आणि खुद्द घोडे या सर्वांचाच जीव धोक्यात येतो. म्हणून जाणता मोतद्दार घोड्याच्या पायांपेक्षा त्याच्या कानांकडे अधिक लक्ष देतो.

घोड्याला भित्रा म्हणून हिणविण्याचे कारण नाही. निसर्गाने त्याला शिंगे दिली नाहीत, नखे दिली नाहीत. दिले ते पळण्यासाठी पाय आणि संकटाची चाहूल घेण्यासाठी डोळे व कान. लाखो वर्षे मोकळ्या माळावर हिंस्र पशूंपासून जीव वाचवीत त्याचे पूर्वज जगले. जे क्षणभर विचार करीत उभे राहिले, त्यांची संतती मागे उरली नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ सभोवारचे दिसते. केवळ कपाळाच्या अगदी पुढ्यातली आणि शेपटीच्या थेट मागची जागा त्याच्या दृष्टीआड राहते. या दोन जागी एकाएकी कोणी आले तर तो दचकतो, आणि मागे असलेल्याला लाथ बसते. त्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे वळू शकतो. माणसाला फार तर सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. घोड्याला त्याहून पुष्कळ बारीक, सुमारे ३३ हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी कळतो. आपल्याला जेथे काहीच ऐकू येत नाही, तेथे त्याला काहीतरी ऐकू येत असते. मग ‘घोडी उगाचच बुजते’ या म्हणण्यातला ‘उगाच’ हा शब्द आपल्याच अज्ञानाचा म्हणावा लागतो.

या बाबतीत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक कथा प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने नोंदवून ठेवली आहे. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडे फिलोनिकस नावाच्या व्यापाऱ्याने एक घोडा विकावयास आणला. किंमत १३ टॅलेंट, म्हणजे त्या काळी फार मोठी होती. घोडा रुबाबदार होता. परंतु कोणी जवळ गेले की मागच्या पायांवर उभा राही. एकाही स्वाराला त्याने पाठीवर बसू दिले नाही. राजाने चिडून त्याला परत नेण्यास सांगितले. जवळच राजपुत्र अलेक्झांडर उभा होता. त्याचे वय तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असावे. मोठी माणसे घोड्याच्या पायांकडे व दातांकडे पाहत होती. या मुलाने घोड्याची नजर कोठे जाते ते पाहिले. घोडा जमिनीवर हलणाऱ्या स्वतःच्याच सावलीला भीत होता! अलेक्झांडरने लगाम धरून त्याचे तोंड सूर्याकडे वळविले. सावली मागे पडली. मग काही वेळ तो त्याला थोपटीत बरोबर चालला, अंगावरचा झगा त्याने हलकेच खाली टाकला आणि घोडा शांत झाल्यावर पाठीवर चढला. हाच तो प्रसिद्ध ब्युसेफॅलस. पुढे तो अलेक्झांडरला घेऊन आशिया खंड ओलांडीत हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत आला. इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमच्या लढाईनंतर तो मरण पावला, तेव्हा अलेक्झांडरने त्याच्या नावाने एक नगर वसविले.

राजाच्या पदरी अनेक कसलेले स्वार होते. त्यांना बळ कमी नव्हते. घोडा कशाला भितो, हे मात्र त्यांनी पाहिले नव्हते. म्हणून आपल्या गंगापूरच्या घोडीला घर शोधण्यापूर्वी तिच्या भीतीचा शोध घेतला पाहिजे. आधी पशुवैद्याकडून तिचे डोळे तपासून घ्यावेत. एका डोळ्यात फूल पडले असेल तर त्या बाजूने येणारी प्रत्येक वस्तू तिच्या दृष्टीने आकाशातून पडल्यासारखी असते. दातही पाहावेत. घोड्याच्या दाढा झिजताना कधी कधी त्यांना धारदार कडा येतात, गालाला आतून जखमा होतात आणि लगाम ओढला की घोडे डोके झटकते. पाहणाऱ्याला वाटते, जनावर माजोरी आहे! खोगिराखाली पाठ सोलली असेल तर तीही पाहावी. पुष्कळदा ‘स्वभाव’ म्हणून ज्याला दोष दिला जातो, ते केवळ दुखणे असते आणि ते दूर होताच घोडे निम्मे शांत होते.

दुखणे नसेल तर आठवण असते. घोड्याची स्मरणशक्ती तीव्र आहे. ज्या मोरीजवळ एकदा भरधाव ट्रक अंगावर आला, ती मोरी तो वर्षानुवर्षे विसरत नाही. आपल्या घोडीचा मालक आठ दिवस रोज तिच्याबरोबर हिंडेल आणि ती कोठे थांबते, कशाने दचकते, दचकल्यावर किती वेळाने शांत होते, याची मनाशी नोंद ठेवील, तर त्याच्या हाती एक मोलाची गोष्ट लागेल. समजा, त्याला आढळले की फडफडणारे कापड आणि मागून येणारे वाहन एवढ्याच दोन गोष्टींना ती भिते. शेळ्यामेंढ्यांना, बैलांना, पाण्याला ती भीत नाही. आणि दुसरे घोडे जवळ असले तर निम्म्या वेळात सावरते. ही घोडीची खरी ओळख झाली. ‘बुजरी’ या एका शब्दात ती मावत नव्हती.

आपल्याकडे हे शास्त्र जुने आहे. अश्वविद्येला शालिहोत्र ऋषींच्या नावावरून शालिहोत्र म्हणतात. महाभारतातील विराटपर्वात नकुल ग्रंथिक हे नाव धारण करून विराट राजाच्या पागेत चाकरीस राहतो. आपल्याला काय काय येते ते तो राजाला सांगतो, तेव्हा घोड्यांची प्रकृती ओळखणे हे प्रथम सांगतो; त्यांना वळण लावणे व त्यांच्यावर उपचार करणे हे त्यानंतर येते. आपल्या हाताखालचे वाहन कधीही भेदरट होत नाही, असेही तो अभिमानाने म्हणतो. पाच पांडवांतला हा शांत, फारसा न बोलणारा भाऊ त्या कामासाठी किती योग्य होता!

आता घराचा विचार. सर्वांत आधी दाराशी येतो तो वरातीसाठी घोडे पुरविणारा. तो रोख पैसे देईल, कारण घोडीची अंगकाठी चांगली आहे. परंतु वरात म्हणजे काय? बँडचा दणदणाट, फटाके, डोळ्यांवर येणारे दिवे, फडफडणारे शेले, चारी बाजूंनी नाचणारी माणसे आणि पाठीवर घोड्यावर कधीही न बसलेला नवरदेव. काही घोडे या साऱ्याला सरावतात. आपल्या घोडीच्या भीतीच्या दोन्ही वस्तू मात्र तेथे एकाच वेळी हजर असतात. तिला तेथे देणे म्हणजे तिचा छळ होईलच, शिवाय एखाद्या पोराच्या अंगावर तिचे पाय पडतील.

मग कोणी सुचवील, माथेरानला द्यावी. रायगड जिल्ह्यातील या थंड हवेच्या ठिकाणी खासगी मोटारींना मज्जाव आहे. तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून पर्यटक घोड्यावर बसून हिंडतात. वरवर पाहता ही सूचना बिनतोड वाटते. पण तेथे दर तासाला पाठीवर नवा माणूस असतो. कोणी लगाम ओढतो, कोणी टाचा मारतो, कोणी भिऊन किंचाळतो. मोटारी नाहीत म्हणजे शांतता आहे, हा माणसाचा हिशेब झाला. ज्या घोडीला एका माणसाची सवय आहे, तिला रोज दहा अनोळखी माणसे मोटारीहून कमी भीतिदायक नसतात.

घोड्यासाठी नवे घर शोधण्याचा प्रश्न एकट्या घोडीपुरता नसतो. मुंबईत ‘व्हिक्टोरिया’ नावाच्या घोडागाड्या दीर्घकाळ चालत असत. घोड्यांचे हाल होतात, या तक्रारीवरून खटला झाला आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेच्या फेऱ्यांसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले. त्याबरोबरच गाडीवानांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेशही सरकारला दिला. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती. गाडी थांबविण्यास एक हुकूम पुरतो. घोड्याला जागा लागते, चारा लागतो, आणि त्याला ओळखणारा माणूस लागतो. आणि ज्या गाडीवानाला तो ओळखतो, त्याचीही उपजीविका त्याच दिवशी गेलेली असते.

घोडी बाजारात नेली तर? महाराष्ट्रात घोड्यांचे दोन बाजार विशेष प्रसिद्ध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला यात्रा भरते. आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. दूरदूरच्या प्रांतांतून तेथे घोडे येतात. चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी कोठे दिसतो, काळा-पांढरा अबलख कोठे दिसतो. अंगावरचे भोवरे मोजून शुभाशुभ सांगणारे जाणतेही तेथे भेटतात. रंग आणि भोवरे यांवर हजारो रुपये चढतात-उतरतात. पण हा घोडा ढोल वाजला की काय करतो, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. भोवऱ्याने घोड्याचा स्वभाव ठरत नाही. शिवाय यात्रेच्या गर्दीत बुजऱ्या घोडीचे खरे रूप दिसत नाही. एक तर ती नको तितकी भेदरलेली दिसते, किंवा लबाड विक्रेत्याने गुंगीचे औषध चारल्यामुळे नको तितकी गरीब दिसते. म्हणून जाणते गिऱ्हाईक घोडे एकाच दिवशी पाहून घेत नाही. दोन निरनिराळ्या दिवशी, शक्य तर न सांगता, मालकाच्या दारी जाऊन पाहते.

विकणाऱ्याची कसोटी येथेच लागते. समजा, एक गिऱ्हाईक वस्तीवर येते आणि विचारते, “बाबा, घोडीला काही खोड आहे का?”

म्हातारा सांगतो, “आहे, दादा. मागून गाडी आली की बुजते. कापड फडफडलं तरी बुजते. चावत नाही, लाथ मारत नाही.”

“मग किमतीत काय सोडाल?”

“किमतीचं नंतर पाहू. तुमच्या घरी तिच्याजवळ दुसरं जनावर कोणतं आहे, ते आधी सांगा.”

गिऱ्हाईक हसेल, कदाचित निघूनही जाईल. म्हाताऱ्याचे काही हजार रुपये बुडतील. परंतु खोड लपवून विकलेला घोडा पहिल्या आठवड्यात कोणाला तरी पाडतो. मग तो दुसऱ्याला विकला जातो, तेथून तिसऱ्याला. प्रत्येक हाती त्याची भीती वाढते आणि किंमत उतरते. अशा घोड्याचा शेवट कोठे होतो, हे सांगण्याची गरज नाही.

आता दोन गिऱ्हाइके शिल्लक राहिली आहेत, असे धरू. पहिले शहराजवळचे एक सधन बागायतदार. त्यांनी घोड्यासाठी पक्का तबेला बांधला आहे. वर पत्रे, खाली फरशी, दाण्याला हरभरा, गव्हाचा कोंडा, सारे काही आहे. घोडा एकच ठेवायचा आहे. एक नोकर दाणापाणी करील. मालकांची मुले सुटीच्या दिवशी येऊन बसतील. दुसरे एक धनगर कुटुंब. दिवाळीनंतर मराठवाड्यातील व शेजारच्या जिल्ह्यांतील मेंढपाळ आपले वाडे घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. एकत्र हिंडणाऱ्या कुटुंबांचा तो समूह होय. मोकळ्या झालेल्या रानात ते मेंढ्या बसवितात, त्या खताच्या बदल्यात शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. त्यांचा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, पाल, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, क्वचित तान्ही मुलेही. रात्री आज एका शेतात, चार दिवसांनी दुसऱ्या.

शंभरातले नव्वद लोक घोडी बागायतदारांना द्यावी असेच म्हणतील. तिला छप्पर मिळेल, पोटभर दाणा मिळेल, ओझे वाहावे लागणार नाही. पण घोडा हा कळपाचा प्राणी आहे. कळपातले काही घोडे जेव्हा आडवे होऊन झोपतात, तेव्हा एखादा उभा राहून राखण करतो. एकट्या घोड्याला ही राखण स्वतःच करावी लागते, आणि चार भिंतींच्या आत उभे राहून बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत तो रात्र काढतो. बंद तबेल्यात एकटे ठेवलेले घोडे लाकूड कुरतडू लागतात, उभ्या जागी डुलत राहतात; हे सुखाचे लक्षण नव्हे. शर्यतीच्या मोठमोठ्या पागांमध्येदेखील अस्वस्थ घोड्याच्या सोबतीला कधी कधी शेळी बांधतात, ती याचसाठी.

धनगराच्या वाड्यात तबेला नाही, पण आणखी तीन-चार घोडी आहेत. दिवसभर चालणे आहे आणि माळ मोकळा आहे. मेंढ्यांना आपली घोडी भीत नाही. ओझे वाहण्याची तिला सवय आहे. मुक्काम बदलतो खरा. परंतु बरोबरची माणसे, बरोबरची घोडी आणि दिवसाचा क्रम बदलत नाही. मुक्कामापेक्षा घोडे सोबत अधिक ओळखते. अडचणी नाहीत असे नाही. वाडा सडक ओलांडतो तेव्हा वाहने येणारच. पाल उभारताना कापडही फडफडणार. परंतु पुढे एक निवांत चालणारी जुनी घोडी आणि मागे हातात दोर धरलेला ओळखीचा माणूस असला, तर ती पुढच्या घोडीकडे पाहून पाऊल टाकील. भीती जशी कळपात एकापासून दुसऱ्याला लागते, तसा धीरही लागतो.

बागायतदारांनी आणखी एक घोडे आणि कायमचा एक माणूस ठेवण्याचे कबूल केले असते, तर निवाडा कदाचित बदलला असता. तसेच धनगराच्या घरातला घोडी सांभाळणारा माणूस तापट असता, तर तेथेही तिला देणे योग्य झाले नसते. कारण घोडे माणसाचे अंग वाचते. सुमारे १९०४ साली जर्मनीत बर्लिन येथे ‘हान्स’ नावाचा एक घोडा गणिते सोडवितो, म्हणून गाजला होता. बेरीज विचारली की तो पायाने तितके ठोके देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या शास्त्रज्ञाने त्याचे गुपित उलगडले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले की हान्सलाही ते येत नसे! बरोबर ठोक्याशी येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचितसे हले आणि घोडा तेवढे हेरून थांबे. घोड्याला गणित येत नव्हते. पण विचारणाऱ्याला स्वतःलाही न कळलेली त्याची हालचाल घोड्याला कळत होती. लगाम धरणाऱ्याचा हात थरथरला, त्याने श्वास रोखला, तर ते घोडीला कळल्यावाचून राहील काय? म्हणून म्हाताऱ्याने त्या घरातल्या माणसाला तीन-चार संध्याकाळी वस्तीवर बोलवावे. पहिल्या दिवशी त्याने नुसते जवळ बसावे. दुसऱ्या दिवशी खरारा करावा. मानेच्या मुळाशी, जेथे घोडी एकमेकांना दातांनी खाजवितात, तेथे खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंद होतात. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण ३० ते ४० असतात; जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून ते मोजताही येतात. ती त्याच्या हातून दाणा खाते की नाही, एवढे पाहावे. तो घाई करतो की नाही, हे तर अवश्य पाहावे.

निरोपाचा दिवस आला की पुढचे नियम साधे आहेत. वाडा जवळच्या रानात उतरला असेल तर घोडी पायीच न्यावी, सकाळी, रहदारी सुरू होण्यापूर्वी. ट्रकने नेणे भागच पडले तर तो असा उभा करावा की आतवर ऊन पडेल. कारण उजेडातून अंधारात जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि त्याला समोर फक्त काळी विवरासारखी जागा दिसते. पुढून ओढणे, मागून मारणे, या दोन्ही गोष्टी वर्ज्य. तिची जुनी झूल, जुना दोर आणि तोबरा बरोबर द्यावा. पंधरा दिवस पुरेल एवढा जुना चाराही द्यावा. घोड्याला ओकता येत नाही. एकाएकी खाणे बदलले तर पोटशूळ उठून तो दगावू शकतो, म्हणून जुन्यात नवे थोडे थोडे मिसळीत जावे. नव्या कळपात तिला एकदम सोडू नये. दोन-तीन दिवस थोड्या अंतरावर, पण एकमेकींना दिसतील अशी बांधावी. पहिल्या आठवड्यात पाठीवर काही न घालता नुसती बरोबर चालवावी. आणि पंधरा दिवसांत जमले नाही तर घोडी परत घेऊ, पैसे परत देऊ, असा शब्द दोघांनी चार माणसांसमोर एकमेकांना द्यावा.

घर मानवले की नाही, हे घोडी बोलून सांगत नाही. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेऊ शकतो. परंतु खरी गाढ झोप लागण्यासाठी त्याला अंग टाकून पडावे लागते. ती झोप दिवसाकाठी जेमतेम अर्ध्या तासाची असते आणि आजूबाजूला धोका नाही अशी खात्री पटल्यावाचून तो आडवा होत नाही. नव्या ठिकाणी काही घोडे कित्येक रात्री पडतच नाहीत. म्हणून वाड्यातल्या माणसाने रोज पहाटे घोडीची कूस आणि आयाळ पाहावी. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस काहीच दिसणार नाही. मग एखाद्या सकाळी तिच्या एका कुशीला माती लागलेली असेल, आयाळीत वाळल्या गवताच्या दोन-चार काड्या अडकलेल्या असतील. त्या दिवशी कोणीतरी वस्तीवर जाऊन म्हाताऱ्याला तेवढा निरोप द्यावा.